निघण्याआधी फोनवर ट्रॅफिक बघून खरंच वेळ वाचतो का?

कोथरूडचा घड्याळजी
कोथरूड ते हिंजवडी, स्वतःची गाडी. चहा घेताना एकदा आणि पार्किंगमधून गाडी काढताना एकदा नकाशा बघतो. बायको म्हणते, एवढा वेळ देवापुढे उभे राहिला असतात तर बढती मिळाली असती. काल चांदणी चौक हिरवा, सूस खिंड हिरवी, वाकडला जरासं केशरी. ४० मिनिटं दाखवली. प्रत्यक्षात वाकडच्या पुलापाशीच निम्मा तास गेला. माझं म्हणणं एवढंच, की रंग दिसतो तो आत्ताच्या वाकडचा, मी तिथे पोचणार २५ मिनिटांनी. आणि सकाळी आठनंतर सगळं हिंजवडी एकदम निघतं, हे कळायला उपग्रह कशाला हवा?

बाणेरवाली
अहो, तुम्ही रंग बघताय. तो बघूच नका. आदल्या रात्री निघायची वेळ घालून बघा, साधारण किती लागेल ते जुन्या गर्दीवरून सांगतो. मी दोन आठवडे रोजचं वहीत टिपलं (हो, वहीत). ७.२० ला निघाले तर अर्धा तास, ७.५० ला निघाले तर तासाला पाच कमी. रस्ता तोच. मला फोनचा उपयोग झाला तो एवढाच, पण भरपूर झाला. आता सकाळी बघतही नाही.

सूसगावकर
आमच्या बाजूनेही बोला कुणीतरी. हायवे लाल झाला की झाडून सगळ्यांना सूस-नांदे-माण हा रस्ता दिसतो. तुमची दहा मिनिटं वाचतात आणि आमची शाळेची व्हॅन अडकते.

कोथरूडचा घड्याळजी
रस्ता सार्वजनिक आहे ना पण?

सूसगावकर
आहे की. फक्त समोरासमोर दोन गाड्या आल्या की एकीला कडेच्या मातीत उतरावं लागतं, आणि ती नेहमी गावातल्याचीच असते. शिवाय सगळेच तिकडे वळले की तुमचीही दहा मिनिटं वाचत नाहीत. जाऊन बघा एकदा, मग बोलू.

टायर पंक्चर
थोडं तांत्रिक. हे रंग मुख्यतः रस्त्यावरच्या फोनांच्या वेगावरून ठरतात. २०२० मध्ये बर्लिनमध्ये सायमन वेकर्ट नावाच्या कलाकाराने ९९ फोन हातगाडीत घातले आणि ती रस्त्यावरून चालत ओढली. गूगल मॅप्सवर तो रस्ता लाल! म्हणजे नकाशाला फोन कळतात, ते रेंगाळतायत का ते कळतं. कशामुळे, ते आपोआप कळत नाही. घड्याळजींना अविश्वास वाटतो त्यात तथ्य आहे. पण दुचाकीवाले असाल तर दुचाकीचा मार्ग वेगळा निवडा, ती सोय आपल्याकडे २०१७ पासून आहे. निम्मे लोक गाडीचे मिनिटं बघून बाइकवर निघतात आणि वर शिव्या देतात.

पासवाला
मी बसने जातो. रस्ता लाल असो की जांभळा, बस त्यातूनच जाणार. मला फक्त ती कुठवर आलीय ते हवं असतं, म्हणजे स्टॉपवर उन्हात उभं राहावं लागत नाही. पालखी किंवा विसर्जन असलं की मात्र मी पेपरच बघतो. कुठले रस्ते बंद, ते पोलीस आधी जाहीर करतात. फोनवाले बॅरिकेडपाशी जाऊन मागे वळताना दरवर्षी दिसतात.

बाणेरवाली
हे मान्य. तरी उरलेल्या दिवसांचं काय? घड्याळजी, आठवडाभर ७.२० ला निघून बघाच.

कोथरूडचा घड्याळजी
जमणार नाही. मुलीची रिक्षा साडेसातला येते, तिला बसवल्याशिवाय हलता येत नाही.

बाणेरवाली
मग गर्दी ओसरल्यावर, दहाला?

कोथरूडचा घड्याळजी
नऊला मीटिंग असते. निम्मी माणसं बंगळुरात, त्यामुळे ऑफिसात पोचून लॅपटॉपवरच करतो.