मदत हवी आहे: कोयना खोऱ्यातल्या शाळेला मास टिंबरचं छप्पर चालेल का?

कराडकरीण

नमस्कार मंडळी,

मी कराडला वास्तुविशारद म्हणून काम करते. पाटण तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका माध्यमिक शाळेच्या नव्या इमारतीचं काम माझ्याकडे आलंय. सहा वर्ग, एक प्रयोगशाळा, कार्यालय आणि व्हरांडा एवढीच गरज आहे. जुनी इमारत दगड-मातीच्या भिंतींची, वर सागवानी तुळया आणि मंगलोरी कौलं. तपासणीत ती धोकादायक ठरली, म्हणून मुलं सध्या समाजमंदिरात आणि पत्र्याच्या शेडमध्ये बसतात. पैसे माजी विद्यार्थी उभे करताहेत. त्यांच्यापैकी परदेशात राहणाऱ्या दोघांनी मास टिंबर, म्हणजे फळ्या एकमेकींना जोडून केलेलं जाड भरीव लाकूड, सुचवलं. संस्थेतले ज्येष्ठ म्हणतात, "लाकडाची इमारत पाडून परत लाकडाचीच बांधायची?" प्रश्न रास्त आहे. त्याला नीट उत्तर देता यावं म्हणून हा धागा काढतेय.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. सुकवलेल्या, प्रतवारी केलेल्या फळ्यांचे थर एकावर एक, प्रत्येक थर आधीच्याला काटकोनात ठेवून दाबाखाली चिकटवले की सीएलटीचा (क्रॉस लॅमिनेटेड टिंबर) पॅनेल होतो. थर ३, ५ किंवा ७. याचा भिंतीसाठी किंवा स्लॅबसारखा वापर करता येतो. सगळ्या फळ्यांचे रेषे एकाच दिशेने ठेवून चिकटवलं की ग्लुलॅम, म्हणजे तुळया आणि खांब. ग्लुलॅमचं जर्मनीतलं पेटंट १९०६ चं आहे. सीएलटी मात्र ऑस्ट्रिया-जर्मनीत १९९० च्या दशकात रुजलं. इंग्लंडमध्ये नॉर्विचची ओपन अकॅडमी ही शाळा २०१० मध्ये सीएलटीत उभी राहिली.

मला यात रस वाटतो तो मुख्यतः वजनामुळे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप आमच्या भागात अजून घराघरांत सांगितला जातो. कोयनानगरचा परिसर भूकंप क्षेत्र चारमध्ये, म्हणजे जास्त धोक्याच्या पट्ट्यात, येतो. भूकंपाचं बळ इमारतीच्या वस्तुमानाच्या प्रमाणात येतं, त्यामुळे मुलांच्या डोक्यावर किती वजन ठेवायचं हा आमच्यासाठी पहिला प्रश्न आहे. साधा हिशेब मांडते. वर्ग ६ बाय ८ मीटरचा धरला, तर १२५ मिमी जाडीच्या आरसीसी स्लॅबचं वजन १५ टन होतं, त्यात प्लास्टर आणि वॉटरप्रूफिंग धरलेलं नाही. त्याच वर्गावर १०० मिमीचा सीएलटी, खाली ग्लुलॅमच्या तुळया, वर उष्णतारोधक थर आणि पत्रा, असं सगळं मिळून साडेतीन टनांच्या आत बसतं. उरलेले साडेअकरा टन भिंतींनी, खांबांनी, पायाने पेलायलाच नकोत. पाया लहान होतो, सिमेंट-लोखंड कमी लागतं.

पर्यावरणाचा मुद्दा आहेच. एक घनमीटर मऊ, म्हणजे पाइन-स्प्रूससारख्या, लाकडात साधारण पाऊण ते एक टन कार्बन डायऑक्साइडइतका कार्बन साठलेला असतो, तर सिमेंट बनवताना तो उलट हवेत जातो. पण लाकूड वीस वर्षांत कुजलं तर साठलेला कार्बन परत हवेत जाणार आणि वर नवं बांधकाम करावं लागणार. त्यामुळे टिकाऊपणाचं उत्तर मिळाल्याशिवाय मी संस्थेपुढे 'हरित शाळा' हा शब्द काढणार नाही.

आता अडचणी. सगळ्यात मोठी पाण्याची. कोयनानगरला वर्षाला सुमारे ५००० मिमी पाऊस पडतो. कारखान्यातून सीएलटी साधारण १२ टक्के ओलाव्याने निघतो, आणि लाकडातला ओलावा बराच काळ २० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीला रान मोकळं. जुनी इमारत उतरवताना एक तुळई मी मुद्दाम बाजूला काढून ठेवलीय. मधला भाग इतका कठीण की खिळा वाकतो, आत शिरत नाही. त्याच तुळईचं भिंतीत पुरलेलं टोक मात्र असं झालंय की पेचकस मुठीपर्यंत आत जातो. लाकूड तेच, झाड तेच. फरक इतकाच की मधल्या भागाला वारा होता आणि टोकाला नव्हता. मेणवलीच्या नाना फडणवीसांच्या वाड्यात किंवा वाईतल्या जुन्या वाड्यांत लाकडी खांब दगडी तळखड्यावर उभे असतात, जमिनीला टेकत नाहीत. आपल्या सुतारांना हे पक्कं माहीत होतं. पण ते सागवान. परदेशी सीएलटी बहुतेक स्प्रूस नाहीतर पाइनचा, आणि वाळवीपुढे सागवानाची गोष्ट वेगळी नि पाइनची वेगळी.

दुसरी अडचण आगीची. पालकांच्या मनात पहिली तीच येते आणि यायलाच हवी. कुंभकोणमच्या शाळेत १६ जुलै २००४ ला स्वयंपाकघरातली आग गवती छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. जाड लाकूड गवतासारखं जळत नाही, हे मला कागदावर माहीत आहे. बाहेरून कोळशाचा थर धरतो आणि तो थर आतल्या लाकडाला उष्णतेपासून वाचवतो. युरोपीय संहितेत मऊ लाकडासाठी मिनिटाला ०.६५ मिमी हा कोळसा होण्याचा वेग धरतात, म्हणजे तासाला साधारण ३९ मिमी, अधिक ७ मिमी उष्णतेने कमजोर झालेला थर. चारी बाजूंनी जळणाऱ्या ३०० मिमीच्या खांबात तासाभरानंतरही २०० मिमीचा गाभा शाबूत राहतो. उघडी लोखंडी कैची इतका वेळ तग धरत नाही. पण हे गणित अग्निशमन अधिकाऱ्यांपुढे आणि पालकसभेत कसं मांडायचं?

तिसरी वाहतुकीची. माल न्हावा शेवाला उतरला तरी चाळीस फुटी कंटेनरचा ट्रेलर शाळेकडच्या वळणांवर वळत नाही. वीस फुटी कंटेनरमध्ये बसवायचं तर पॅनेल पावणेसहा मीटर लांब आणि सव्वादोन मीटर रुंद, याच्या वर जाता येत नाही. मग सगळा आराखडा त्या मापावर बेतावा लागेल.

तर जाणकारांनी कृपया सांगावं: जोरदार पावसाच्या भागात मास टिंबर वापरल्याचा प्रत्यक्ष अनुभव कोणाला आहे का? तळमजला आरसीसी आणि वरचा मजला लाकडी, असा मिश्र प्रकार क्षेत्र चारमध्ये कितपत योग्य? आणि इथलंच लाकूड वापरून असं काही करता येईल का, की आयातीशिवाय गत्यंतरच नाही?

---

निवृत्त_अभियंता

ताई, प्रश्न नेमके विचारलेत, म्हणून सविस्तर लिहितो. माझी नोकरी सरकारी बांधकामांत गेली. केंद्रीय बांधकाम खात्याने १९९३ मध्ये लाकडावर बंदी घातली ती २०२० मध्ये उठवली. मधल्या काळात अभियंत्यांची एक पिढी लाकडाचं संकल्पन न करताच निवृत्त झाली. तुम्हाला सही करणारा मिळायला त्रास होईल तो यामुळेच. संहिता नाही असं नाही. लाकडी बांधकामाचं भारतीय मानक आयएस ८८३, त्याची २०१६ ची आवृत्ती आहे, राष्ट्रीय इमारत संहितेत लाकूड-बांबूचा स्वतंत्र विभाग आहे. मात्र भूकंपाच्या आयएस १८९३ या मानकात सीएलटीसाठी प्रतिसाद गुणक (इमारत किती ऊर्जा शोषेल यावरून भूकंपाचं बळ किती पट कमी धरायचं तो आकडा) दिलेला नाही. युरोपात सीएलटीला २ इतका कमी गुणक धरण्याची पद्धत आहे, तुम्हीही तसंच सावध राहा.

सीएलटी स्वतः ताठ असतो, तो वाकून ऊर्जा शोषत नाही. भूकंपाची ऊर्जा शोषतात ते लोखंडी कोन, पट्ट्या आणि खिळे. म्हणजे सगळी मदार जोडांवर. २००७ मध्ये जपानमधल्या मिकी इथे सात मजली सीएलटी इमारत कंपनमंचावर (भूकंपासारख्या हलणाऱ्या मंचावर) ठेवून कोबेच्या भूकंपाची नोंद तिच्यावर चालवली होती. इमारत उभी राहिली. पण तिचे जोड प्रयोगशाळेच्या काटेकोरपणाने बसवले होते हे विसरू नका. आपल्याकडे गवंडी चार खिळ्यांऐवजी दोन मारतो आणि प्लास्टरखाली कुणाला दिसत नाही. जोड उघडे ठेवा, दरवर्षी तपासता यायला हवेत.

मिश्र प्रकाराबद्दल स्पष्ट सांगतो: शाळेला मजलाच नको. जागा उताराची असेल तर दोन टप्पे पाडा आणि दोन्हींवर एकमजली वर्ग बांधा. प्रत्येक वर्गाला दोन दारं, दोन्ही थेट उघड्यावर. जिना नाही, चेंगराचेंगरी नाही. आगीच्या दाखल्याचं निम्मं काम इथेच होतं. पोषण आहाराचं स्वयंपाकघर मुख्य इमारतीपासून अंतरावर, विटांचं.

आणि हलकं छप्पर वाऱ्याने उचललं जातं. वजन कमी केलंत तर छपरापासून पायापर्यंत सलग लोखंडी बांधणी द्यावीच लागेल.

---

वखारवाला_मिरज

ताई, लाकडाचं मी सांगतो. गांधीधामहून येणारं पाइन आमच्याकडे नेहमीचं आहे, पण ते पेट्या, पॅलेट आणि सेंट्रिंगच्या कामाचं. त्यात प्रतवारी कुणी करत नाही. गाठीसकट, ओलंसुद्धा येतं. ते घेऊन इथे ग्लुलॅम करू असं कुणी म्हणालं तर थांबा. चिकटवायला भट्टीत सुकवलेलं लाकूड, फिंगर जॉइंटची (टोकांना दाते पाडून फळ्या लांबीत जोडण्याची) यंत्रं, योग्य डिंक, मोठा प्रेस आणि तपासणी हे सगळं लागतं. सुताराच्या शेडमध्ये ते होत नाही, आणि चुकलं तर दिसतही नाही.

मात्र एक प्रकार इथे होण्यासारखा आहे. फळ्या काठावर उभ्या करून एकमेकींना खिळ्यांनी ठोकत जायचं, डिंक नाही, प्रेस नाही. बाहेर त्याला नेल लॅमिनेटेड टिंबर म्हणतात. कडीपाट (वाड्यांतलं कड्या-फळ्यांचं छत) करणाऱ्या सुताराला हे दाखवलं की लगेच समजतं. वरून प्लायवूडचा थर नीट ठोकला नाही तर मात्र ते आडव्या धक्क्याला सरकतं, म्हणून प्लाय सोडू नका. लाकूड भट्टीत सुकवलेलंच घ्या आणि ट्रकमधून उतरवताना ओलावामापक लावून बघा. १५ च्या वर दाखवलं तर माल परत. दुकानदार नाराज होईल, होऊ दे.

वाळवीसाठी दाबाखाली औषध भरलेलं लाकूड मागा. नुसतं ब्रशने लावलेलं वरच्यावर राहतं. बोरॅक्सचं औषध पावसाने धुपतं, ते फक्त आतल्या कोरड्या भागाला.

---

जावळीचे_गुरुजी

वास्तुविशारद बाई, मी डोंगरातल्या शाळेत शिकवतो. माझी शंका वेगळी आहे. वजनच मुद्दा असेल तर लोखंडी कैची आणि पत्रा सगळ्यात हलका नाही का? स्वस्तही पडतो. एवढा खटाटोप कशासाठी? हे विरोध म्हणून म्हणत नाही. आमच्याकडे पत्राच आहे आणि जुलै-ऑगस्टमध्ये जोराची सर आली की मी शिकवणं थांबवतो, कारण पहिल्या बाकावरच्या मुलालाही माझा आवाज जात नाही. तेव्हा मुलं वाचत बसतात. असं आठवड्यातून कितीदा तरी होतं. मार्चनंतर दुपारी त्याच पत्र्याखाली मुलांची डोकी जड होतात. तुमच्या लाकडी छपराने यात खरंच फरक पडणार असेल तर मी तुमच्या बाजूने पालकांशी बोलेन.

---

कराडकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार.

गुरुजी, वजनात पत्रा जिंकतो, हे मान्य. पण तुम्ही जे लिहिलंत ते संस्थेच्या सभेत वाचून दाखवायची परवानगी द्या. पत्र्याच्या खाली जाड भरीव लाकूड आणि मध्ये उष्णतारोधक थर असला की पावसाचा आवाज थेट वर्गात उतरत नाही, आणि पत्रा तापला तरी उष्णता आत यायला उशीर लागतो, तोवर शाळा सुटलेली असते. शिकवणं थांबतं ते तास कुठल्याच अंदाजपत्रकात धरलेले नसतात. स्लॅबपेक्षा खूप हलकं आणि पत्र्यापेक्षा खूप शांत, असं काहीतरी हवंय आणि म्हणूनच मी लाकडापाशी अडले आहे.

अभियंता सर, मजला सोडून देतेय. उतारावर दोन टप्पे पाडून एकमजली आराखडा काल रात्रीच बसवून पाहिला. मैदान थोडं आखडतं, पण प्रत्येक वर्गाला दोन दारं मिळतात. जोड उघडे ठेवण्याचं पटलं. तुळईची टोकं भिंतीत पुरायचीच नाहीत, लोखंडी बुटावर (तुळईचं टोक धरणाऱ्या बैठकीवर) मोकळी ठेवायची असं ठरवलंय. जोतं दगडी, त्यावर वाळवी अडवणारी पत्र्याची टोपी, आणि पागोळ्या भिंतीपासून किमान सव्वा मीटर बाहेर. काम दिवाळीनंतर सुरू करून वळवाच्या पावसाआधी छप्पर झाकायचं.

वखारवाले दादा, खिळ्यांनी जोडलेल्या प्रकाराने माझा वाहतुकीचा प्रश्नच सुटतो. फळ्या साध्या ट्रकने येतील, जागेवर ठोकता येतील आणि गावातल्या सुतारांना काम मिळेल. एका वर्गाएवढा तुकडा आधी करून बघायचा विचार आहे. तुमच्याकडे ६ मीटरच्या गाळ्याला पुरेल इतकी लांब, भट्टीत सुकवलेली फळी मिळेल का, की मध्ये सांधे देऊन ते आळीपाळीने सरकवावे लागतील? घनफुटाचा भाव व्यक्तिगत निरोपातून कळवा.

एक प्रश्न मात्र अजून तसाच आहे. दाबाखाली औषध भरलेल्या लाकडात सहसा तांब्याची संयुगं असतात. साधे जस्ताचा मुलामा दिलेले खिळे त्यात लवकर गंजतात, म्हणून स्टेनलेसचे किंवा जाड मुलाम्याचे घ्यावे लागतील. हजारो खिळ्यांचा हा खर्च मोठा आहे. औषध फक्त काठाच्या आणि जोत्याजवळच्या लाकडाला देऊन छपराचा आतला कोरडा भाग बोरॅक्सवर ठेवला, तर कोयनेच्या दमट हवेत पुरेल का? ज्यांनी असं छप्पर दहा-पंधरा वर्षं सांभाळलंय त्यांनी कृपया लिहावं. आणि महाराष्ट्रात शाळेच्या लाकडी इमारतीसाठी अग्निशमन दाखला कोणी मिळवला असेल, तर अर्जासोबत कोणती गणितं आणि कोणते चाचणी अहवाल जोडले तेही सांगा. आराखड्याचा नकाशा उद्या इथेच टाकते.