'केंद्राला माहिती पाठवली' म्हणजे दिल्लीला?

गिरगावकर: गावी चुलतभावाचा मुलगा झेडपीच्या शाळेत आहे. गुरुजींनी ग्रुपवर टाकलं की मुलांची माहिती केंद्राला पाठवली, लगेच वाद सुरू, दिल्लीला आमच्या पोरांची माहिती कशाला हवी म्हणून. इथे केंद्र म्हणजे नक्की काय?

परळकर: दिल्ली नाही हो. झेडपीत आसपासच्या शाळांचा मिळून एक गट असतो त्याला केंद्र म्हणतात, त्यातली एक केंद्रशाळा, वर केंद्रप्रमुख, मग विस्तार अधिकारी, मग गटशिक्षणाधिकारी. मुंबईत पालिकेच्या शाळांत बीट ऑफिसर आणि एओ म्हणजे प्रशासकीय अधिकारी, म्हणून आपल्याला हा शब्द माहीत नसतो.

मुलुंडकर: तसाच गोंधळ 'शासन'चा. जीआरमधलं शासन म्हणजे राज्य. पहिलीपासून हिंदीचा १६ एप्रिल २०२५ चा जीआर राज्याचा होता, तरी लोकलमध्ये सगळे 'केंद्राने लादली' म्हणत होते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन भाषा आहेत पण कुठल्या ते राज्याने ठरवायचं. योग्य दारावर धडक दिली म्हणूनच तो जूनअखेर मागे घ्यावा लागला, त्यामुळे शब्द नीट वापरा, प्लीज.

गिरगावकर: मग शाळा चालवतं कोण?

परळकर: १९७६ ला ४२वी घटनादुरुस्ती झाली तोवर शिक्षण राज्यसूचीत होतं, तेव्हापासून समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र सरकार आणि राज्य दोघंही कायदे करू शकतात. पालिकेच्या एका वर्गातच बघा ना, पुस्तक बालभारतीचं म्हणजे राज्याचं, दप्तर-बूट धरून २७ वस्तू पालिकेच्या, खिचडीचा तांदूळ केंद्र सरकारचा आणि शिजवायच्या खर्चात केंद्र सरकार ६० टक्के, राज्य ४०. आणि शाळा व्यवस्थापन समितीला कृपया 'स्थानिक नियंत्रण' म्हणू नका. २००९ च्या आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने तिच्यात ७५ टक्के पालक आणि निम्म्या बायका असायलाच हव्यात, हे फार चांगलं आहे, पण काम देखरेखीचं आणि विकास आराखड्याचं. शिक्षक नेमणं, बदली करणं तिच्या हातात नाही, ते द्यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मुलुंडकर: नेमणूक नको हो, गावचा पुढारी आपला भाचा चिकटवेल. खर्चाचा हिशोब मात्र समितीसमोर वाचून दाखवलाच पाहिजे.

परळकर: भाच्याचं मान्य. बदलीत तरी पालकांचं ऐका, वर्ष अर्ध्यावर असताना गणिताच्या बाई जातात आणि मुलं तशीच बसून राहतात. गिरगावकर, भावाला सांगा केंद्रशाळा कुठली ते गुरुजींना विचारून ग्रुपवर टाक, वाद तिथंच मिटेल. आणि दिल्ली म्हणायचं असेल तेव्हा 'केंद्र सरकार' असं पूर्ण लिहा.