जागतिक सरकाराची वाट नेमकी कुठे अडते : सनदेत, पैशात की सैन्यात?

अक्षांश

जागतिक सरकाराचा विषय निघाला की बहुतेक चर्चा एका वाक्यात आटोपते : "पाच बडे देश नकाराधिकार सोडणार नाहीत, तेव्हा विसरा." हे उत्तर चुकीचं नसेल, पण अपुरं वाटतं. संयुक्त राष्ट्रांची सनद बदलायची तर पायऱ्या कोणत्या, आणि नकाराधिकार त्यांतल्या नेमक्या कोणत्या पायरीवर आडवा येतो? आमसभेला सुरक्षा परिषदेला वळसा घालता येतो म्हणतात, तो कुठपर्यंत नेतो? आणि सनदेला हातही न लावता सगळ्या जगाला खरोखर लागू होणारा कायदा आज कुठे चालू आहे का? तत्त्वचर्चा पुष्कळ वाचायला मिळते. यंत्र कसं फिरतं आणि कुठे अडकतं, ते हवं आहे.

खलिता

सनदेपुरतं सांगतो. कलम १०८ मध्ये दोन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि गैरसमज त्यांची सरमिसळ केल्यामुळे होतात. पहिली पायरी आमसभेची : एकूण सदस्यांपैकी दोन-तृतीयांश, म्हणजे १९३ पैकी १२९ मतं. हजर असलेल्यांपैकी नव्हे, एकूण सदस्यांपैकी. त्यामुळे इथे तटस्थ राहिलेला किंवा गैरहजर देशही विरोधकाच्याच कामी येतो. या पायरीवर नकाराधिकार अजिबात नाही. दुसरी पायरी अनुसमर्थनाची : दोन-तृतीयांश देशांनी आपापल्या घटनेप्रमाणे दुरुस्ती मंजूर करायची, आणि त्यांत सुरक्षा परिषदेचे पाचही स्थायी सदस्य (अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स) असायलाच हवेत. नकाराधिकार आहे तो इथे. त्याला सनदेने मुदत घातलेली नाही, म्हणून कुणाला उघड "नाही" म्हणावंही लागत नाही. कागद दाबून ठेवला की काम झालं.

तरीही हे कुलूप आजवर तीनदा उघडलं आहे, आणि पहिल्यांदा ते कसं उघडलं ते नीट पाहण्यासारखं आहे. डिसेंबर १९६३ मध्ये सुरक्षा परिषद ११ वरून १५ करण्याचा ठराव आमसभेत आला. बाजूने ९७, विरोधात ११, तटस्थ ४. स्थायी पाचांपैकी फ्रान्स आणि सोव्हिएत संघ विरोधात, ब्रिटन आणि अमेरिका तटस्थ. बाजूने फक्त चीन, आणि तेव्हा ती जागा तैपेईच्या, म्हणजे तैवानमधल्या, सरकारकडे होती. म्हणजे पाचांतले चार राजी नव्हते. तरी ३१ ऑगस्ट १९६५ ला दुरुस्ती अंमलात आली, कारण पाचांनीही अनुसमर्थन केलं. नव्याने स्वतंत्र झालेल्या आशियाई-आफ्रिकी देशांची संख्या एवढी वाढली होती की त्यांची वाट एकट्याने अडवल्याचा ठपका कुणालाच नको होता. आणि दुसरं, तितकंच महत्त्वाचं : त्या दुरुस्तीने जागा वाढवल्या, नकाराधिकाराला शिवली नाही.

आज मात्र गाडी दुसऱ्या पायरीपर्यंत पोचतच नाही. ब्राझील, जर्मनी, भारत, जपान यांना स्थायी जागा हव्यात. इटली, पाकिस्तान आणि त्यांचे साथीदार नव्या स्थायी जागांनाच विरोध करतात. आफ्रिकी गट नकाराधिकारासकट दोन स्थायी जागा मागतो. २००५ मध्ये या चौघांचा मसुदा तयार होता, तो मतालाच टाकला गेला नाही. म्हणून सगळं खापर पाचांच्या माथी फोडणं मला पटत नाही. १२९ ची मोट बांधणं हेच आधी जमलेलं नाही.

कलम १०९ ची फेरविचार परिषद बोलवायला आमसभेचे दोन-तृतीयांश आणि सुरक्षा परिषदेतले कोणतेही नऊ पुरतात, तिथे नकाराधिकार नाही. १९५५ मध्ये ती घ्यायचं तत्त्वतः ठरलं होतं. आजवर भरलेली नाही. भरली तरी तिच्या शिफारशी शेवटी त्याच पाच अनुसमर्थनांच्या दारात येतात.

मध्यरेषा

वळशाबद्दल. दोन मतदानं शेजारी ठेवा.

२५ फेब्रुवारी २०२२, सुरक्षा परिषद. युक्रेनवरच्या आक्रमणाविरुद्धचा मसुदा. बाजूने ११, विरोधात १, तटस्थ ३. फेटाळला. २७ फेब्रुवारी, तीच परिषद. आमसभेचं तातडीचं विशेष अधिवेशन बोलवायचा मसुदा. बाजूने ११, विरोधात १, तटस्थ ३. मंजूर. दोन्ही वेळा विरोधी मत रशियाचंच.

फरक कलम २७ चा. कार्यपद्धतीच्या प्रश्नाला कोणतीही नऊ मतं चालतात, बाकी प्रश्नांना नऊ मतं लागतात आणि त्यांत स्थायी सदस्याचा विरोध नसावा लागतो. (स्थायी सदस्य तटस्थ राहिला तर ठराव अडत नाही. हे सनदेत लिहिलेलं नाही, प्रथेने आलं, आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९७१ च्या नामिबियाविषयक सल्लामतात ते मान्य केलं.) पण अमुक प्रश्न कार्यपद्धतीचा आहे की नाही, हाच वाद निघाला तर? त्या निर्णयावर पुन्हा नकाराधिकार चालतो. याला दुहेरी नकाराधिकार म्हणतात. विशेष अधिवेशन बोलावणं हे कार्यपद्धतीत बसतं, कारण परिषद अडली तर विषय आमसभेत न्यायचा, अशी वाट आमसभेच्या १९५० च्या ठराव ३७७ पासून पडलेली आहे.

आता वळसा संपतो कुठे? २ मार्चला आमसभेने १४१ विरुद्ध ५ मतांनी, ३५ तटस्थ, सैन्य मागे घ्यायला सांगितलं. सैन्य हललं नाही, कारण आमसभा शिफारस करते. कलम २५ खाली देशांना बांधून घेणारा निर्णय फक्त सुरक्षा परिषदेचा. १९५६ मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांनी सुएझ कालव्यावरून इजिप्तवर हल्ला केला, तेव्हा हाच वळसा कामी आला, कारण अमेरिका आणि सोव्हिएत संघ एका बाजूला होते आणि पौंड घसरत असताना ब्रिटनला अमेरिकेची मदत हवी होती. मागचा जोर ठरावाचा नव्हता. आणि तिथे गेलेली शांतिसेना इजिप्तच्या संमतीवर उभी होती. १९६७ मध्ये इजिप्तने संमती काढली, सेना उठली, थोड्याच दिवसांत युद्ध पेटलं.

तिठा

मतदानाच्या नियमांवर सगळे लिहितात, पैशावर कुणी लिहीत नाही. खरी गाठ तिथे आहे.

संयुक्त राष्ट्रांचा २०२५ चा नियमित अर्थसंकल्प सुमारे ३.७ अब्ज डॉलरचा. सारा पैसा वर्गणीतून येतो. एकट्या अमेरिकेचा हिस्सा २२ टक्के. कुणी वर्गणी थकवली तर कलम १९ आहे : दोन वर्षांच्या वर्गणीइतकी बाकी झाली की आमसभेतलं मत जातं. कागदावर चोख. १९६४ मध्ये त्याची कसोटी लागली. सोव्हिएत संघ आणि फ्रान्स शांतिसेनेचा खर्च द्यायला तयार नव्हते. हा खर्च संघटनेचाच आहे, असं न्यायालयाने १९६२ मध्येच सल्लामत दिलं होतं. नियम लावायचा तर सोव्हिएत संघाचं मत काढून घ्यायचं. मग काय केलं? जवळजवळ सगळं अधिवेशन मतदान न घेता, आपसात ठरवून चालवलं. मतदानच नाही, तर मत गमावण्याचा प्रश्नही नाही. १९६५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने आग्रह सोडला. मोठ्या देशाला लावायची वेळ आली की कलम कसं बाजूला ठेवलं जातं, याचा इतका स्वच्छ नमुना दुसरा सापडायचा नाही.

हीच अडचण अमेरिकेच्या तेरा राज्यांनी आधी भोगली होती. त्यांच्या पहिल्या सैल संघाला कर बसवायचा अधिकार नव्हता, राज्यांकडे मागणी करायची एवढंच. १७८१ मध्ये आयातीवर ५ टक्के जकात सुचवली गेली. तेराही राज्यांची संमती हवी होती, आणि १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने ती बुडवली. १७८७ मध्ये नवी घटना लिहिताना दोन गोष्टी बदलल्या. एक, घटना लागू व्हायला तेरापैकी नऊ राज्यं पुरे, बाकीची मागाहून येवोत. म्हणजे जुन्या संघाचा एकमताचा नियम त्यांनी पाळलाच नाही. दोन, केंद्राचा कायदा आणि कर थेट माणसाला लागू, मध्ये राज्य नाही. दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. राज्याला शिक्षा करायची म्हणजे युद्ध. माणसाला शिक्षा करायला कोर्ट आणि बेलिफ पुरतो.

अक्षांश

सगळ्यांचे आभार. तिठा, हा शेवटचा मुद्दा फार उपयोगाचा. पण सैन्याचं काय? सनदेत स्वतःचं सैन्य उभारायची सोय होती ना?

खलिता

कलम ४३. देशांनी परिषदेशी करार करून तुकड्या राखून ठेवायच्या होत्या. एकही करार झाला नाही. १९४७ मध्ये लष्करी समितीत घोडं अडलं ते मोजमापावर : सोव्हिएत संघाला पाचांचा वाटा अगदी समान हवा होता, बाकीच्यांना एकूण तोलामोलाचा चालत होता, म्हणजे कुणी विमानं जास्त, कुणी पायदळ जास्त. अण्वस्त्रांवर आंतरराष्ट्रीय ताबा आणायची बारूख योजना १९४६ मध्ये अडली तीही क्रमावर. अमेरिका म्हणे आधी तपासणीची पक्की व्यवस्था, मग बॉम्ब सोडू. सोव्हिएत संघ म्हणे आधी बॉम्ब नष्ट करा, मग तपासणी. तपासणीआधी शस्त्र टाकणारा उघडा पडतो. शस्त्र टाकण्याआधी तपासणीला दार उघडणारा आपलं गुपित हातावर ठेवतो. भीती दोन्हीकडे खरी होती, हेच त्या वाटाघाटीचं दुःख.

नांगर

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर : आहे, आणि ते समुद्रावर आहे.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या तांत्रिक नियमांत "मूक स्वीकृती" चालते. मंजूर झालेली दुरुस्ती ठरलेल्या तारखेला आपोआप लागू होते. ती अडवायची तर एक-तृतीयांश देशांनी, किंवा जगाच्या व्यापारी जहाजांच्या निम्म्या टनभारावर ज्यांचे झेंडे आहेत अशा देशांनी, मुदतीत हरकत नोंदवावी लागते. सनदेत मतं गोळा करायचं ओझं बदल करणाऱ्यावर आहे, इथे ते अडवणाऱ्यावर. कुलूप उलटं बसवलंय.

याचं फळ पाहा. जहाजाच्या इंधनात गंधक किती चालेल, याची मर्यादा १ जानेवारी २०२० ला ३.५० टक्क्यांवरून ०.५० वर आली. अंमल कसा होतो? इंधन भरताना पुरवठादार पावती देतो, त्यावर गंधकाचं प्रमाण लिहिलेलं असतं. ती पावती तीन वर्षं जहाजावर ठेवायची. सोबत इंधनाचा सीलबंद नमुना, निदान बारा महिने जपायचा. बंदरावर निरीक्षक चढतो, दोन्ही मागतो, शंका आली तर नमुना प्रयोगशाळेत पाठवतो. धूर धुणारं यंत्र नसेल तर मर्यादेपेक्षा जास्त गंधकाचं इंधन १ मार्च २०२० पासून टाकीत बाळगणंही मना आहे. आणि ज्या देशाने करारावर सहीच केलेली नाही, त्याच्या झेंड्याखालच्या जहाजालाही सवलत नाही; बंदरात यायचं तर नियम पाळायचा. तिठा म्हणतात तेच झालं बघा. कायदा देशावर नाही, जहाजावर आणि कप्तानावर लागला. जहाज अडकवून ठेवायला युद्ध लागत नाही.

मात्र जिथे कुलूप सुलटं राहिलं, तिथेच घाव बसतो. जागतिक व्यापार संघटनेत निवाडा फेटाळायला सगळ्यांचं एकमत लागतं, हे उलटं कुलूप उत्तम चाललं. पण अपील मंडळावरच्या नेमणुका साध्या एकमतावर ठेवल्या होत्या. अमेरिकेने नेमणुका रोखल्या, आणि ११ डिसेंबर २०१९ पासून एक अपील ऐकायला लागणारे तीन सदस्यही उरले नाहीत. हरलेला देश आता अपील करून ठेवतो आणि निवाडा लोंबकळत राहतो. सागरी संघटनेतही असंच झालं. जहाजांच्या कार्बनवर दर लावणारा आराखडा एप्रिल २०२५ मध्ये संमत झाला होता, पण ऑक्टोबरमध्ये औपचारिक मंजुरीच्या बैठकीतच ५७ विरुद्ध ४९ मतांनी वर्षभर पुढे ढकलला गेला. मूक स्वीकृती मंजुरीनंतर सुरू होते, म्हणून विरोधकांनी मंजुरीच गाठू दिली नाही. यंत्रणा आखताना नेमणूक, मंजुरी आणि पैसा या तीन ठिकाणी कुलूप कोणत्या दिशेने बसलंय, ते आधी तपासावं.

अनुस्वार

हे सगळं मान्य, पण जहाजातल्या गंधकावरून सरकारावर उडी मारू नका. गंधकाच्या मर्यादेसाठी कुणी प्राण देत नाही. युद्ध, सीमा, नागरिकत्व इथे पहिला प्रश्न येतो तो मत कुणाचं किती.

आज आमसभेत दहा हजार लोकवस्तीच्या देशाला एक मत आणि १४० कोटींच्या देशालाही एकच. लोकसंख्येप्रमाणे मतं द्या म्हटलं तर हे प्रमाण १ ला १,४०,००० होतं आणि छोटे देश उठून जातील. १९४६ मध्ये लायोनेल पेन्रोझ यांनी मधला उपाय गणिताने मांडला : लोकसंख्येच्या वर्गमुळाइतकी मतं. दहा हजारांचं वर्गमूळ १००, १४० कोटींचं सुमारे ३७,४१७. प्रमाण १ ला ३७४. बोलणी सुरू करता येतील इतपत हा आकडा आहे. युरोपीय संघाने दुसरी वाट काढली : ५५ टक्के देश आणि ६५ टक्के लोकसंख्या अशी दोन्ही बहुमतं हवीत, म्हणजे २७ पैकी किमान १५ देश. शिवाय लोकसंख्येच्या जोरावर अडवायला किमान चार देश लागतात, म्हणजे तीन मोठ्यांना मिळून गळा आवळता येत नाही. तरीही परराष्ट्र धोरण, संरक्षण आणि कर यांत तिथेसुद्धा बहुतांशी एकमतच लागतं. शेजारी, श्रीमंत, एकमेकांशी लढून दमलेल्या देशांनी सत्तर वर्षांत तेवढंच सोडलंय.

मध्यरेषा

अनुस्वार, त्यात एक जोड. आजच्या युरोपीय संघाची सुरुवात करणाऱ्या सहा देशांनी (फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग) १९५१ मध्ये कोळसा आणि पोलाद सामाईक केलं ते जमलं. लगेच सामाईक सैन्याचा करारही झाला, आणि ३० ऑगस्ट १९५४ ला फ्रान्सच्या संसदेनेच तो बुडवला. कोळसा-पोलाद सांभाळणाऱ्या सामाईक मंडळाला मात्र कारखान्यांकडून थेट पट्टी वसूल करायचा अधिकार होता, सरकारांच्या वर्गणीवर ते अवलंबून नव्हतं. नियम मोडणाऱ्या कारखान्याला दंडही तेच लावत असे.