प्रतिसाद: शेजारच्या दलाची फ्रिक्वेन्सी भरली, तरी ऐकू का येत नाही?

वर विचारलंय की अमेरिकेत शेजारच्या अग्निशमन दलाची फ्रिक्वेन्सी आपल्या वॉकीटॉकीत भरूनही मदतीला गेल्यावर एकमेकांचं ऐकू का येत नाही. बहुतेकदा घोळ टोनचा असतो. टोन म्हणजे बोलण्यासोबत जाणारा खुणेचा सूर; ऐकणाऱ्या सेटवर तो लावला असेल, तर जुळल्याशिवाय स्पीकर उघडत नाही. उदाहरण घ्या. व्हीफायर21 हे तिथलं अग्निशमनाचं सामायिक चॅनल: 154.280 मेगाहर्ट्झ, अ‍ॅनालॉग, रिपीटरशिवाय (मध्ये सिग्नल पुढे पाठवणारं यंत्र नाही), सेट ते सेट थेट. पाठवताना 156.7 हर्ट्झचा टोन लावायचाच. ऐकण्याच्या बाजूला मात्र लावू नका. लावलात, तर ज्या पाहुण्या सेटमध्ये टोन भरायचा राहिलाय त्याची हाक स्पीकरपर्यंत पोचतच नाही. बऱ्याच सेटवर दिवा लुकलुकतो, आवाज नाही. आत अडकलेल्या जवानाची हाक अशीच हरवते, म्हणून याबाबत मी हट्टी आहे.

चॅनलचं नाव, झोन (चॅनलांचा गट) आणि नॉबची जागा सगळ्या सेटवर एकच हवी. धुरात, जाड हातमोजे घालून स्क्रीन कोण वाचणार? माणूस खटके मोजत नॉब फिरवतो.

शेजारी 800 मेगाहर्ट्झच्या ट्रंक प्रणालीवर (जिथे संगणक मोकळं चॅनल वाटून देतो) असेल, तर नुसता व्हीएचएफ सेट, म्हणजे वरच्या 154 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला, कितीही प्रोग्रॅम करा, उपयोग शून्य. तिथे गेटवे, म्हणजे दोन रेडिओ प्रणाली जोडणारं यंत्र, लागतो, नाहीतर दोन-तीन जादा सेट पहिल्या गाडीत ठेवून येणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातात द्यायचे. मला दुसरा मार्ग जास्त भरवशाचा वाटतो.

'इंजिन 2' नावाची गाडी दोन्ही गावांत असते, तेव्हा आधी गावाचं नाव घ्या. टेन-कोड ('10-4' सारखे आकड्यांचे संकेत) नकोत, साधी भाषा. आणि सेटची चाचणी तळघरातून घ्या, जिथे सिग्नल अडतो; उघड्या पार्किंगमधून नको.