मदत हवी आहे: मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात मताचा अधिकार कोणाकोणाला द्यावा?

नमस्कार मंडळी,

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातले आम्ही काही जण मोबाइलसाठी मराठी-कन्नड जोड कीबोर्ड करतोय. सगळं फावल्या वेळात, बिनपगारी. कोड गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या संकेतस्थळावर, खुला आहे. आजवर ग्रुपवर बोलून निभावलं, आता अडलंय.

शब्द टाइप होता होता लिपी आपोआप बदलावी, असा बदल कोड लिहिणाऱ्या दोघांनी परस्पर मर्ज केला, म्हणजे मूळ कोडमध्ये मिसळून टाकला. जुन्या फोनवर चाचणी करणाऱ्या खानापूरच्या मंडळींचा विरोध होता. त्यांना उत्तर मिळालं, "कोड ज्याचा, मत त्याचं." मला हे अजिबात पटत नाही. शब्दयाद्या करणारे, चुका शोधणारे नसते तर कीबोर्ड उभाच राहिला नसता. डेबियन या मुक्त संगणकप्रणालीच्या प्रकल्पानं तर २०१० सालीच ठराव करून पॅकेज (बसवायला तयार सॉफ्टवेअर) न बनवणाऱ्यांनाही मतासकट सदस्य करून घ्यायचं ठरवलं.

दुसरी अडचण जास्त नाजूक आहे. आमच्यात मराठी बोलणारे पुष्कळ, कन्नड बोलणारे मोजके. नुसती डोकी मोजली तर कन्नड मांडणीचे निर्णयही आम्हीच घेणार. संख्येनं कमी असणं काय असतं हे सीमाभागातल्या मराठी माणसाला सांगायला नको. तेच आम्ही त्यांच्यावर आणायचं का? पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या पाच जणांच्या निवडून आलेल्या मंडळात एकाच कंपनीचे दोनांहून जास्त चालत नाहीत. कंपनीच्या जागी भाषा धरून असा नियम करता येईल का? कोणी केलाय?

प्रतिसाद:
ताई, अपाचे या मुक्त सॉफ्टवेअर संस्थेची पद्धत बघा. तिथं कोडमधला बदल एका नकारानंही अडतो, पण नकार देणाऱ्याला मताचा अधिकार हवा आणि तांत्रिक कारण द्यावं लागतं. नुसतं "नको" चालत नाही. आवृत्ती काढताना मात्र कोणालाच नकाराधिकार नाही: किमान तीन होकार, आणि नकारांपेक्षा होकार जास्त. म्हणजे एकट्यामुळे सगळं काम खोळंबत नाही. कन्नड मंडळींना त्यांच्या मांडणीपुरता नकाराधिकार द्या. मतदान ७२ तास तरी खुलं ठेवा, नोकरी सांभाळून येणाऱ्यांनाही मत देता येईल. आणि गिटहबवरचा मालकी हक्क आधी दोघा-तिघांकडे द्या. किल्ली एकाकडेच असेल तर ठराव कागदावरच राहतात.

धागाकर्ती:
खूप आभार. मांडणीपुरता नकाराधिकार पटला, रविवारच्या बैठकीत ठेवते. फक्त जोडाक्षरांचा कोड आमच्याकडे दोन्ही लिप्यांना सामाईक आहे. तिथं नकार कोणाचा धरायचा?