घरगुती मसाले पाकिटात विकायचेत, नक्की कुठली लायसन्स लागतात?

साताऱ्याची_सून: नमस्कार, मी आणि सासूबाई गोडा मसाला, मेतकूट, भाजणी करून ओळखीत देतो, आता दोन दुकानदार पाकिटं ठेवायला तयार आहेत पण म्हणतात आधी लायसन्स दाखवा. एजंट फूड, गुमास्ता, उद्यम, जीएसटी सगळं मिळून पॅकेज सांगतोय आणि रक्कम ऐकून सासूबाई म्हणाल्या राहू दे मग. खरंच सगळं लागतं का?

मिरचीकांडप: ताई, अजिबात थांबू नका. सगळ्यात आधी एफएसएसएआय, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्याचं, एजंट ज्याला फूड म्हणतो ते, तेही तुमच्याएवढ्या धंद्याला लायसन्स नाही, साधी नोंदणी पुरते. त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर स्वतः भरता येते, फोटो, ओळखपत्र, पत्ता एवढंच मुख्य, फी वर्षाला १०० रुपये. अर्ज गेला की ७ दिवसांत नोंदणी देतात, नाकारतात किंवा तपासणीची नोटीस येते. तपासणीला घाबरू नका, स्वयंपाकघर स्वच्छ, पाणी चांगलं, डबे झाकलेले, एवढं तर तुम्ही करतच असणार. आणि मसाला बाहेर डंकावर कुटून घेत असाल तर त्या डंकवाल्याचीही नोंदणी आहे का विचारा.

हिशोबवाला_काका: जीएसटीची घाई नको. महाराष्ट्रात नुसता माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांवर गेल्यावर नोंदणी, त्याआधी सहसा नाही, पण परराज्यात माल पाठवायचा झाला तर आधी विचारून घे. एकदा नंबर घेतला की विक्री शून्य असली तरी रिटर्न भरावं लागतं, हे एजंट सांगत नाहीत. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, २०२० पासून आधारवर होतं आणि पूर्ण फुकट आहे, त्याचे पैसे मागणाऱ्याला सरळ नाही म्हण. गुमास्ता, म्हणजे दुकान-आस्थापनेची नोंदणी, म्हणशील तर २०१७ च्या कायद्याने माणसं थोडी असली तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते, तिची पावती बँकेत करंट खातं उघडायला उपयोगी पडते. एजंट लावलास तरी मोबाईल नंबर आणि ईमेल तुझाच टाक, नाहीतर पुढे लॉगिन त्याच्या हातात आणि प्रत्येक वेळी त्याच्याकडे चकरा.

मिरचीकांडप: लेबलचं राहिलं बघा, दुकानात पाकीट जाणार म्हणजे तिथेच जास्त अडतं. एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर, हिरवा शाकाहारी ठिपका, घटक जास्त वजनाचा आधी अशा क्रमाने, निव्वळ वजन, एमआरपी, बॅच, पॅकिंगची आणि वापरण्याची शेवटची तारीख, पत्ता, तक्रारीसाठी फोन. नंबर हातात आल्याशिवाय पाकिटं छापायला टाकू नका. वजनमापे खात्याकडे पॅकर, म्हणजे पाकिटं भरणारे, म्हणूनही नोंद करावी लागते, ती विसरतात लोक.

साताऱ्याची_सून: खूप आभार दोघांचे!! आज रात्रीच पोर्टल उघडते. अर्ज कोणाच्या नावाने करू, माझ्या की सासूबाईंच्या?

हिशोबवाला_काका: पैसे ज्याच्या खात्यात येणार त्याच्या. फूड, उद्यम, बँक तिन्हीकडे नाव एकच ठेव, आणि रेसिपी सासूबाईंची असेल तर मला विचारशील तर त्यांचंच नाव घाल.