बेसाल्टच्या मुलखात राहून जिऑलॉजीचा अभ्यास पक्का कसा करावा?

सह्यकडा (प्रश्न)

नमस्कार. पुण्यात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय जिऑलॉजी. पुढे एमएस्सी आणि मग यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा असा विचार आहे. आमच्या चहूबाजूंना काळा कातळ. पुस्तकात घड्या, भ्रंश (थर सरकलेल्या भेगा), शिस्ट, नाइस (दाब-उष्णतेने बदललेले खडक) सगळं वाचतो, पण हाताला लागतो तो बेसाल्टच. फील्ड वर्षातून एकदा, मायक्रोस्कोप आठवड्यातून दोन तास आणि तोही वाटून. उरलेल्या काळात स्वतःहून नेमकं काय करावं? कुठली उपकरणं घ्यावीत? ‘भरपूर वाचा’ याच्या पलीकडचं सांगा, ही विनंती.

कातळवाट

हाताशी आहे तोच खडक नीट मोजायला शिका. ती सवय पुढे कुठल्याही खडकात कामाला येते.

एक घाटरस्ता किंवा टेकडी निवडा, पायथा ते माथा २००-३०० मीटर चढाची, आणि तिच्यातल्या लाव्हाप्रवाहांचा उभा छेद काढा. एका सेमिस्टरला एवढंच काम पुरे. पाहोएहो (गुळगुळीत कवचाच्या) प्रकारच्या प्रवाहात तळाशी नळ्यांसारख्या उभ्या पोकळ्या सापडतात, मधला गाभा घट्ट असतो आणि वरच्या कवचात गोल पोकळ्यांची दाटी असते. त्यांत झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी ही खनिजं भरलेली असतात. पण एकाच प्रवाहात असे लहानमोठे लोब (लाव्हाच्या जिभा) एकावर एक चढलेले असतात. पोकळीदार पट्टा दिसला की नवा प्रवाह मोजायचा, असं केलंत तर प्रवाहांची संख्या उगाच फुगते. दुसऱ्या प्रकारच्या प्रवाहाचा माथा तुटक्या, लालसर तुकड्यांचा असतो आणि गाभा जाड, उभ्या सांध्यांचा (भेगांचा). मध्ये विटकरी बोलचा (दोन प्रवाहांमधल्या लाल मातकट) थर मिळाला तर तीच सगळ्यात भरवशाची सीमा. तिथून सुरुवात करून वर-खाली मोजत जा.

सगळ्यात जास्त चुका उंचीत होतात. मोबाइलमधली काही अ‍ॅप समुद्रसपाटीपासूनची उंची देत नाहीत, जीपीएसच्या गणिती पृष्ठापासूनची देतात. आपल्या भागात तो आकडा ६० मीटरहून जास्त कमी येतो. शिवाय जीपीएसची स्वतःची दहा-वीस मीटरची चूक असतेच. प्रवाहच १५ मीटर जाडीचा असेल तर या आकड्यांचा उपयोग काय? म्हणून टोपोशीटवर (उंची दाखवणाऱ्या सर्वेक्षण नकाशावर) उंची छापलेल्या जागी आधी आकडा ताडून फरक वहीत लिहा. प्रत्यक्ष जाडी डोळ्याच्या पातळीने मोजा: क्लिनोमीटर (उताराचा कोन मोजायचं यंत्र) शून्यावर ठेवून समोरच्या चढावर आपल्या नजरेच्या रेषेतला दगड हेरायचा, तिथे जाऊन उभं राहायचं, पुन्हा तेच. प्रत्येक टप्पा म्हणजे तुमच्या डोळ्यांची उंची, साधारण दीड मीटर. वेळ लागतो, पण जाडी अर्ध्या-एक मीटरच्या अंदाजात हाती येते.

दुसरी अडचण होकायंत्राची. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, त्यामुळे होकायंत्र थेट कातळावर टेकवलं की सुई ढळते. वीज पडलेल्या माथ्यावर तर फारच. सांध्याची किंवा डाइकची (भेगेत शिरून थिजलेल्या खडकाच्या भिंतीची) दिशा घ्यायची असेल तर एक-दोन मीटर मागे सरकून, यंत्र कंबरेच्या उंचीला धरून त्या रेषेवर नजर लावा. मग पलीकडच्या टोकाला जाऊन उलट दिशेने वाचा. दोन वाचनांत १८० अंशांचा फरक यायला हवा. दोन-तीन अंशांपेक्षा जास्त तफावत आली तर जागा बदला. हातोडा आणि फोन तेवढा वेळ लांब.

उपकरणं थोडीच लागतात. १० पटीचं हँड लेन्स, चांगलं घ्या आणि गळ्यात ठेवा. लेन्स डोळ्याला चिकटवून दगड जवळ आणायचा असतो. क्लिनोमीटर कंपास. चौकोनी तोंडाचा जिऑलॉजिकल हातोडा आणि डोळ्यांना गॉगल, कारण घट्ट बेसाल्टच्या कपच्या काचेसारख्या उडतात. सुताराचा हातोडा वापरू नका, त्याचं तोंड तुटतं. ड्रॉपरच्या बाटलीत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल: प्रयोगशाळेतल्या तीव्र आम्लाचा एक भाग तीन भाग पाण्यात ओतायचा, पाणी आम्लात कधीच नाही. पोकळीतलं पांढरं खनिज फसफसलं तर कॅल्साइट, नाही फसफसलं तर बहुधा झिओलाइट किंवा गारगोटी. मग कडकपणा बघा, गारगोटी काचेवर ओरखडा काढते.

नमुना मुठीएवढा, ताज्या पृष्ठभागाचा. क्रमांक दगडावरही लिहा आणि पिशवीवरही. वहीत आधी हाताने रेखाटन, मग फोटो. रेखाटताना डोळा जे हेरतो ते फोटोत हरवतं.

काळा_पांढरा_पट्टा

मायक्रोस्कोपच्या दोन तासांबद्दल. बहुतेक विद्यार्थी स्लाइड ठेवून लगेच क्रॉस्ड निकॉल (एकमेकांशी काटकोनातले दोन ध्रुवक) लावतात आणि रंग बघत बसतात. आधी साध्या प्रकाशात रंग, रिलीफ (कडांचा उठाव), क्लीव्हेज (फुटण्याच्या सरळ रेषा) बघून घ्या. त्याआधीही दोन मिनिटं यंत्राला द्या: स्टेज फिरवल्यावर कण मधून निसटत असेल तर ऑब्जेक्टिव्ह सेंटर करा, आणि स्लाइड काढून क्रॉस्ड स्थितीत क्षेत्र पूर्ण काळं होतंय का बघा. नाही झालं तर विलोपन कोनाची (कण काळा पडतो त्या कोनाची) सगळी वाचनं चुकीची.

थिन सेक्शनची (खडकाच्या पातळ कापाची) जाडी ०.०३ मि.मी. धरलेली असते. बेसाल्टमध्ये ती तपासायला क्वार्ट्झ नसतो, म्हणून प्लेजिओक्लेज हे फेल्डस्पार खनिज बघा: करडा ते पांढरा ठीक, पिवळा दिसला तर काप जाड आहे. अशा कापात ऑजाइट या खनिजाचे रंगही वरच्या ऑर्डरला (रंगांच्या पुढच्या पायरीला) सरकतात आणि कोणी त्याला ऑलिव्हिन म्हणून मोकळं होतं.

प्लेजिओक्लेजचं संघटन मिशेल-लेव्ही पद्धतीने (विलोपन कोनावरून) काढताना जुळ्या पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंचे कोन जवळपास सारखे आले तरच कण घ्या. चार-पाच अंशांहून जास्त फरक असेल तर सोडून द्या. निदान आठ-दहा कण मोजा आणि त्यांतला सर्वांत मोठा कोन आलेखावर न्या. सरासरी काढायची नाही. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये ही चूक वर्षानुवर्षं उतरत आली आहे, आणि त्यामुळे लॅब्राडोराइटचा अँडेसिन (दोन्ही प्लेजिओक्लेजचेच प्रकार) होतो.

दर आठवड्याला एकच स्लाइड, पण वहीत ५ सें.मी. व्यासाचं वर्तुळ काढून, स्केल देऊन, पेन्सिलने. आणि शक्यतो ती स्लाइड वर कातळवाट यांनी सांगितलेल्या छेदातल्या तुमच्याच नमुन्याची असू द्या. विभागात काप करणारे तंत्रज्ञ असतील तर त्यांच्याजवळ उभं राहून एक काप स्वतः घासायला मागा. कार्बोरंडमची जाड पूड पूर्ण धुतल्याशिवाय बारीक पुडीवर गेलं की ओरखडे का पडतात, हे तिथेच कळतं.

सह्यकडा

खूप आभार. स्ट्राइक-डिपचं (थराची दिशा आणि उतार) काय? इथले थर जवळपास आडवेच आहेत. आणि फोनमधलं होकायंत्र सरावाला चालेल का?

नकाशेवाला

फोनचा उताराचा कोन बऱ्यापैकी बरोबर येतो, दिशा मात्र भरवशाची नसते. लोहचुंबकाचं कव्हर असेल तर अजिबातच नाही. तेव्हा डिप फोनने, स्ट्राइक कंपासने, असा सराव चालेल.

आडव्या थरांच्या मुलखात सांधे मोजा. एका खाणीत किंवा ओढ्याच्या पात्रात पन्नासेक वाचनं घ्या, थंड होताना पडलेले स्तंभांचे सांधे आणि सरळ लांब जाणारे सांधे वेगळ्या यादीत लिहा, मग समक्षेत्र जाळ्यावर (दिशा मांडायच्या गोल आलेखावर) ट्रेसिंग पेपरने ध्रुव (प्रत्येक सांध्याच्या प्रतलाला लंब रेषेचे बिंदू) टाका. आधी हाताने, सॉफ्टवेअर नंतर. लिहिण्याची पद्धत एकच ठेवा. उजव्या हाताचा नियम (स्ट्राइककडे तोंड केल्यावर उतार उजवीकडे) धरलात तर शेवटपर्यंत तोच.

खऱ्या घड्या आणि कललेले थर बघायला सुट्टीत मुद्दाम बाहेर पडावं लागेल. कोल्हापूरच्या दक्षिणेला आणि सिंधुदुर्गात कलादगीचे क्वार्ट्झाइट आहेत, गोव्यात नाइस, फायलाइट आणि पट्टेदार लोहखनिज, रामटेक-मनसरकडे सौसर गटाचे शिस्ट, संगमरवर आणि मँगनीज. चंद्रपूरकडे गोंडवानाचे कोळसा असलेले थर. एकट्याने जाऊ नका, आणि खाणीत किंवा वनक्षेत्रात विभागाचं पत्र घेऊनच जा. लोणारला हातोडा घरी ठेवा, ते अभयारण्य आहे. किल्ल्यांच्या तटालाही हात लावायचा नाही.

जाण्याआधी भूकोश या संकेतस्थळावरून जीएसआयचा (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा) भूवैज्ञानिक नकाशा उतरवून क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये लावा. इथे एक नेहमीची गफलत: ७८ अंश पूर्व रेखांशाच्या पश्चिमेला यूटीएम (मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-जाळ्याचा) झोन ४३, पूर्वेला ४४. पुण्याचं काम झोन ४३ मध्ये करून तीच फाइल नागपूरला वापरलीत तर अंतरं आणि क्षेत्रफळं बिघडतात. अंशांमध्येच ठेवलीत तर क्षेत्रफळ निरर्थक येतं.

परीक्षेबद्दल थोडक्यात: आयआयटीत एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा, आणि जिओ-सायंटिस्टमध्ये जिऑलॉजिस्ट पदाला पदव्युत्तर पदवी लागते. मुख्य परीक्षा वर्णनात्मक असते. आजपासून आकृतीसह उत्तरं हाताने लिहायची सवय लावा.

पाणाड्या

एक गोष्ट राहिली, ती म्हणजे विहिरी. घाटात छेद दिसतो, पण सपाटीवर कातळाच्या आत बघायला विहिरीइतकी चांगली जागा नाही. वरची माती, मुरूम, मग सांधे असलेला कातळ, त्याखाली मांजऱ्या (पोकळ्या भरलेला कातळ) किंवा घट्ट गाभा, आणि पाझर नेमका कुठून येतो, सगळं काठावरून दिसतं. मालकाची परवानगी घ्या, आत उतरू नका.

एका गावातल्या दहा-बारा विहिरी निवडा. पावसाळ्याआधी मे महिन्यात आणि नंतर ऑक्टोबरमध्ये टेपला वजन लावून पाण्याची पातळी मोजा, कठड्याची उंची वजा करून जमिनीपासून लिहा. पंप कधी बंद केला हे विचारल्याशिवाय आकडा घेऊ नका. रात्रभर पंप चालला असेल तर ती पातळी उपशाची असते. सकाळी पंप सुरू होण्याआधी जा. मोजण्याची खूण दर वेळी तीच हवी, म्हणून कठड्यावर रंगाचा ठिपका द्या. हे आकडे आणि तुमचा प्रवाहांचा छेद एकाच नकाशावर टाकलात तर कुठल्या थरात पाणी साठतं आणि कुठल्यात नाही ते दिसू लागतं. एमएस्सीच्या प्रबंधाला विषय तिथेच मिळेल, आणि हायड्रोजिऑलॉजीच्या पेपरची तयारीही होईल.